पालवणकर बाळू : मैदानातील मान आणि पंगतीतील पान

भिलाईच्या कोणत्याही सेक्टरातील मैदानावर सायंकाळी मुलांचे दोन पक्ष पडतात, तेव्हा कोण कोणत्या प्रांताचा आणि कोणत्या जातीचा, ही चौकशी सहसा होत नाही. चेंडू नीट टाकणारा हवा असतो, एवढेच. आम्हां भिलाईकरांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की, त्यासाठी पूर्वी कोणी काय सोसले याचे स्मरण राहत नाही. म्हणूनच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका थोर मराठी खेळाडूचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातील पालवण. आडनाव त्यावरूनच आलेले. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्याने मुलांचे बालपण पुण्यात गेले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन ही भावंडे खेळत. शालेय शिक्षण फार झाले नाही. बाळू प्रथम पारशी मंडळींच्या क्लबात व पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात नोकरीस लागले. खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे, जाळी लावणे ही त्यांची कामे. पगार महिना तीन-चार रुपये. सरावासाठी साहेबांना चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यास आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. खरे काही असो, या रोजच्या सरावातून एक असामान्य डावखुरा मंदगती गोलंदाज घडला. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांवर विजय मिळवावयाचा होता. अस्पृश्य मानलेल्या मुलाला संघात घ्यावे की नाही, यावर खल झाला आणि अखेर विजयाच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. परंतु ती मैदानापुरतीच. ज्या हाताने टाकलेला चेंडू सर्वजण झेलीत, त्या हाताला चहाच्या वेळी पॅव्हिलियनबाहेर मातीचे भांडे मिळे. जेवणाचे पान वेगळे, बसण्याची जागा वेगळी. जो आपल्याबरोबर खेळतो त्याला आपल्या पंगतीला का बसवू नये, हा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे उपस्थित केला, तेव्हा कोठे थोडी जाग आली.

पुढे बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा 109 धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी 8 बळी घेतले आणि धाकटे बंधू शिवराम हेही त्यांच्या जोडीला होते. स्वदेशीच्या त्या काळात या विजयाचा आनंद केवळ खेळापुरता राहिला नाही.

यानंतर आला 1911 सालचा उन्हाळा. त्याच जुलैत कलकत्त्यास मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या फुटबॉलपटूंनी गोऱ्या पलटणीस हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, हे आमचे बंगाली शेजारी अद्यापि अभिमानाने सांगतात. त्याच सुमारास पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ विलायतेत होता. हिंदू, मुसलमान, पारशी व शीख प्रथमच एका संघातून खेळत होते. महाराज राज्यारोहणाच्या सोहळ्यांत गुंतलेले. संघ नवखा, हवा परकी. प्रथम श्रेणीच्या 14 सामन्यांपैकी 10 हरले, अवघे 2 जिंकले. अशा पडत्या मोसमात पस्तिशीतील बाळू सामन्यामागून सामना अखंड चेंडू टाकीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात 8 गडी बाद केले. लीसेस्टरशायर व सॉमरसेट या परगण्यांवर मिळालेल्या दोन्ही विजयांत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक काढले. संपूर्ण दौऱ्यात बाळूंनी 114 बळी मिळविले. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

इतके करूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्ष उच्चवर्णीय कप्तान नेमले गेले. त्यांपैकी पै यांनी तर हा मान वस्तुतः बाळूंचा आहे, असे मोकळेपणाने मान्य केले. 1920 साली बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानपदासाठी भावांचाही विचार झाला नाही, तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघांनी खेळण्यास नकार दिला. लोकमत खवळले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकप्तान म्हणून परत बोलाविण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पंचविशीच्या सेवेचे फळ ते एवढेच. तीन वर्षांनी, 1923 च्या चौरंगी सामन्यांत, विठ्ठल हे हिंदू संघाचे कप्तान झाले. संघ जिंकला आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. थोरल्याला नाकारलेले धाकट्याला मिळाले.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि सुमारे दोन हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. एकेकाळचा चाहता आणि त्याचा नायक समोरासमोर आले, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता. ज्या वसाहतीत पुढे सर्व प्रांतांची, सर्व जातींची माणसे एका भिंतीला भिंत लावून राहणार होती, तिचा पाया तेव्हा घातला जात होता.

बाळूंचे चेंडू साऱ्यांना हवे होते. त्यांचा शब्द मानण्याची तयारी मात्र फार थोड्यांची होती. आमच्या मंडळातही गणेशोत्सवात सतरंज्या अंथरणारे, मांडव उभारणारे आणि पंगती वाढणारे हात अनेक आहेत. त्यांपैकी किती नावे कार्यकारिणीच्या यादीत आहेत, हे या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपण सर्वांनी एकदा मोजून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.