वरण-भाताचे शास्त्र जाणणाऱ्या कमलाबाई

स्नायू दुबळे झाले की अमिनो आम्लांची पूड घ्यावी, अशी समजूत आता शहरी घरांत रुळली आहे. याच अमिनो आम्लांच्या नैसर्गिक स्रोतांचा, म्हणजे प्रथिनांचा, ध्यास घेतलेल्या डॉ. कमला सोहोनी यांची नजर मात्र गरिबाच्या ताटाकडे होती.

कमलाबाईंचा जन्म १९११चा, इंदूरचा. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या परीक्षाकाळाची अपमानास्पद अट स्वीकारून. तेथे त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर संशोधन केले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यातील सायटोक्रोम-सीचा शोध लावून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा!

१९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांचे खरे कार्य बहरले. शरीराला लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. ती न मिळाल्यास शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवते; कुपोषित मुलाचे दंड काडीसारखे होतात ते यामुळे. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात भातावर वरण पडते तेव्हा एकाची उणीव दुसरे भरून काढते. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात व शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो. या द्रव्यांचा अभ्यास कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

मज्जातंतूंच्या ऱ्हासाने स्नायू झडतात, ती गोष्ट मात्र निराळी. तेथे दोष अन्नात नसतो, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच मरत असतात. एएलएस या विकारात जादा अमिनो आम्ले देण्याचे प्रयोग १९८०-९०च्या दशकांत परदेशात झाले. रुग्णांना त्यांचा लाभ झाला नाही.

संस्थेचे संचालकपद कमलाबाईंना मिळाले ते अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे रखडून. भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करणाऱ्या, १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक संघटनेच्या त्या एक संस्थापक होत्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत आयोजित केलेल्या त्यांच्याच सत्कार समारंभात त्या कोसळल्या. त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.