दमदार गोलंदाज : रमाकांत देसाई

मुलांनो, ‘दम’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत दम म्हणजे श्वास. मराठीतही धावल्यावर माणसाला दम लागतो आणि जो लवकर थकत नाही त्याला आपण दमदार म्हणतो. क्रिकेटच्या मैदानावर या दमाची खरी परीक्षा द्रुतगती गोलंदाजाला द्यावी लागते. ज्या खेळाडूची आज तुम्हांला ओळख करून द्यायची आहे, त्यांना ही परीक्षा पहिल्याच कसोटी सामन्यात द्यावी लागली.

रमाकांत देसाई यांचा जन्म २० जून १९३९ रोजी मुंबईत झाला. द्रुतगती गोलंदाज म्हटला की धिप्पाड, उंच माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येईल. रमाकांत यांची उंची होती अवघी ५ फूट ४ इंच! अंगानेही ते सडपातळच. सोबती त्यांना लाडाने ‘टायनी’ म्हणत. उंच गोलंदाजाचा चेंडू वरून येतो, म्हणून तो टप्पा पडल्यावर सहज उसळतो. बुटक्या गोलंदाजाला ही देणगी नसते. त्याला सगळे बळ पाय, पाठ आणि खांदा यांतूनच काढावे लागते. तरीही रमाकांत यांचा उसळता चेंडू भल्याभल्या फलंदाजांना चुकवावा लागे.

त्या काळी भारतात द्रुतगती गोलंदाजांचा दुष्काळच होता म्हणा ना! १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा महंमद निसार आणि अमरसिंग अशी जबरदस्त जोडी आपल्याकडे होती. निसार यांनी त्या सामन्याच्या पहिल्या डावात ५ बळी घेतले होते. पण १९३६ नंतर निसार कसोटी खेळले नाहीत आणि अमरसिंग १९४० साली ऐन तारुण्यात वारले. पुढे भारताची भिस्त मुख्यतः फिरकी गोलंदाजांवर राहिली.

अशा वेळी १९५८-५९ च्या मोसमात रमाकांत मुंबईच्या संघात आले. रणजी करंडकाच्या पहिल्याच मोसमात त्यांनी ५० बळी घेतले. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ भारतात आला होता. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्या तुफानी गोलंदाजीपुढे आपले फलंदाज हैराण झाले होते. चार कसोटींपैकी तीन आपण हरलो होतो. पाचवी कसोटी फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला होती. कर्णधार हेमू अधिकारी यांच्या संघात एकोणीस वर्षांच्या रमाकांत यांना जागा मिळाली.

वेस्ट इंडीजने त्या सामन्यात ८ बाद ६४४ धावा केल्या. तिघांनी शतके ठोकली. चेंडू सारखा सीमेकडे जात होता आणि रमाकांत सारखे धावत होते. एकट्या त्या डावात त्यांनी ४९ षटके टाकली! १६९ धावा दिल्या आणि ४ बळी घेतले.

वहीत जरा हिशेब करून पाहा. ४९ षटके म्हणजे २९४ चेंडू. समजा, एका चेंडूसाठी २० पावले धावायची आणि तेवढीच चालत परत यायचे. म्हणजे ५,८८० पावले वेगाने धावणे झाले. शिवाय दर चेंडूला पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावर आणि कमरेवर पडतो. तरुण गोलंदाजाच्या पाठीची हाडे अजून पक्की झालेली नसतात. म्हणून हल्ली त्याने किती षटके टाकायची याचा हिशेब ठेवला जातो आणि त्याला सक्तीची विश्रांती दिली जाते. तरीही जसप्रीत बुमराला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. रमाकांत यांची षटके मोजायला कोणी नव्हते. सामना अनिर्णित राहिला आणि देशाला गोलंदाज मिळाला. पण त्या कोवळ्या शरीरावर एवढा बोजा टाकायला नको होता, असे मला वाटते.

त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. मालिकेतले पाचही सामने भारत हरला, मात्र लॉर्ड्सवर रमाकांत यांनी एका डावात ५ बळी मिळवले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला. त्या संघात जुनागढला जन्मलेले हनीफ महंमद होते. सोळा तासांहून अधिक काळ खेळपट्टीवर उभे राहून ३३७ धावा काढणारे हेच ते हनीफ! त्यांना बाद करणे म्हणजे डोंगर हलवण्यासारखे. रमाकांत यांनी त्या मालिकेत त्यांना चार वेळा बाद केले आणि एकूण २१ बळी घेतले. गंमत अशी की मुंबईच्या कसोटीत ते बॅटनेही चमकले. दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी ८५ धावा काढल्या आणि नाना जोशी यांच्याबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भर घातली.

पुढे १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मुंबईत त्यांनी ५६ धावांत ६ बळी घेतले. ती त्यांची कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी.

फेब्रुवारी १९६८ मध्ये नवाब पतौडी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे खेळत होता. भारताने तोवर परदेशात एकही कसोटी जिंकली नव्हती. न्यूझीलंडच्या ३५० धावांना उत्तर देताना आपले ९ गडी ३०२ धावांवर बाद झाले. रमाकांत आणि बिशनसिंग बेदी ही शेवटची जोडी. तेवढ्यात डिक मॉट्झचा उसळता चेंडू रमाकांत यांच्या तोंडावर आदळला. त्या काळी शिरस्त्राणे नव्हती. जबडा मोडला. पण ते तंबूत परतले नाहीत. मोडक्या जबड्याने ते खेळत राहिले आणि दोघांनी ५७ धावा जोडल्या. ४८ धावांनी मागे असलेला भारत ९ धावांनी पुढे गेला. तो सामना भारताने जिंकला, परदेशातला पहिला विजय! रमाकांत यांची मात्र ती अखेरची कसोटी ठरली.

पुढच्या मोसमानंतर त्यांनी खेळ थांबवला. वय होते २९. या वयात गोलंदाज खरा बहरात असतो, पण त्यांच्या शरीराने पुष्कळ ओझे वाहिले होते. २८ कसोटींत ७४ बळी आणि साडेपाच हजारांहून अधिक चेंडू, तेही बहुधा गोलंदाजांना साथ न देणाऱ्या खेळपट्ट्यांवर. मुंबईसाठी ते अकरा मोसम खेळले आणि अकराही मोसमांत रणजी करंडक मुंबईकडेच राहिला.

नंतरच्या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९९८ च्या मार्चमध्ये त्यांनी ते पद सोडले. २७ एप्रिल १९९८ रोजी मुंबईत वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.