पाण्यातला आवाज आणि पॉल लांजव्हँ

जासईचे एक गृहस्थ पोटाच्या सोनोग्राफीसाठी आमच्याकडे आले होते. करंजा बंदरातल्या मासेमारी बोटीवर काम करतात. पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे आमच्या बोटीवरच्या मासे शोधणाऱ्या यंत्रासारखंच दिसतं, नाही का? मी होय म्हटलं. दोन्ही यंत्रांचा आजा एकच आहे, आणि तो शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पॉल लांजव्हँ यांचा जन्म पॅरिसचा, 23 जानेवारी 1872. शिकताना त्यांना पियरे क्युरी यांच्यासारखे गुरू लाभले. पियरे आणि त्यांचे भाऊ जॅक यांनी 1880 मध्ये दाखवलं होतं, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विजेचा भार येतो. उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. या गुणधर्माचा मोठा व्यावहारिक उपयोग पुढची बरीच वर्षं कुणाला सुचला नाही. मेरी क्युरी आणि लांजव्हँ यांच्याविषयी 1911 मध्ये वर्तमानपत्रांनी जो गदारोळ केला, त्यावर मी इथे जागा घालवत नाही.

1912 मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातला हिमनग आवाजाने ओळखता येईल का, याचा विचार सुरू झाला. पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या. कॉन्स्टंटिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याची कल्पना 1915 मध्ये लांजव्हँकडे आली आणि ते कामाला लागले. सुरुवातीच्या उपकरणांनी निराशा केली. मग 1917 मध्ये त्यांना गुरूचा स्फटिक आठवला. पोलादी पट्ट्यांच्या मध्ये क्वार्ट्झचे तुकडे बसवून त्यांनी पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडला. परत आलेला प्रतिध्वनी त्याच क्वार्ट्झने विजेत बदलला. 1918 पर्यंत पाणबुडीचे प्रतिध्वनी मिळू लागले. तोवर युद्ध संपत आलं होतं.

डॉक्टर म्हणून मला मात्र त्यांच्या प्रयोगशाळेतली टाकी जास्त महत्त्वाची वाटते. जोरकस ध्वनिलहरींच्या वाटेत आलेले छोटे मासे मरत होते, आणि त्या पाण्यात हात घातला की दुखत असे. हा आवाज जिवंत शरीरावर परिणाम करतो, याची ही पहिली खूण. म्हणूनच तपासणीच्या यंत्रात आज शक्ती फार कमी ठेवलेली असते.

आता त्या बोटवाल्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. पडद्यावर दिसतो तो फोटो नसतो. प्रतिध्वनी आधी वीज होतो, वीज आकडा होते आणि आकडा रंगाची छटा होतो. वेळेवरून खोली काढतात: समुद्रात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणून 0.04 सेकंदांत परत आलेला आवाज 30 मीटर खोलीवरून आलेला असतो. आमचं यंत्र शरीरासाठी 1540 मीटर धरतं. प्रतिध्वनींची ताकद मात्र एवढी कमीजास्त असते, की ती डेसिबलमध्ये आवळून घ्यावी लागते.

इथेच चूक होते. सारखे दोन मासे, प्रत्येकी उणे 40 डेसिबलचे, एकत्र मोजले तर उत्तर सुमारे उणे 37 येतं, उणे 80 नव्हे. सरासरीचंही तसंच. एका ठिकाणचा प्रतिध्वनी 0 डेसिबल, दुसऱ्या ठिकाणचा उणे 20. थेट सरासरी उणे 10. पण आकडे मूळ ताकदीत बदलून सरासरी काढली आणि पुन्हा डेसिबल केले, तर उत्तर सुमारे उणे 3. दोन्हींत पाचपट फरक पडतो! समुद्रातले मासे किती, याचा अंदाज इतका घसरला, तर किती मासेमारी करू द्यायची हा हिशेबही कोसळतो. आमच्याकडे वेगळा घोळ: रुग्ण मोबाईलवर पडद्याचा फोटो काढून आणतात. तो बघून मी थोडंफार सांगू शकतो, पण आवळलेल्या छटांमधून मूळ आकडे परत काढता येत नाहीत. शक्यतो मूळ तपासणीची सीडी आणि अहवाल आणा.

युद्धानंतर हीच युक्ती जहाजांच्या तळाशी खोली मोजू लागली. 1935 मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी प्रतिध्वनीवरून कॉड माशांचे थवे दाखवले. रुग्णाच्या पोटातल्या गाठींची सोनोग्राफी इयान डोनाल्ड यांनी ग्लासगोहून 1958 मध्ये प्रसिद्ध केली.

लांजव्हँ ते पाहायला नव्हते. फॅसिझमविरुद्ध उघड बोलणाऱ्या या प्राध्यापकाला 1940 मध्ये जर्मनांनी अटक केली. सुटल्यावर त्रुआ गावी नजरकैदेत ठेवलं. जावई जाक सोलोमों यांना 1942 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मुलगी एलेन ऑशविट्झला पाठवली गेली, ती वाचली. 1944 मध्ये ते स्वतः स्वित्झर्लंडला निसटले. 19 डिसेंबर 1946 रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी त्यांचे अवशेष पॅन्थिऑनमध्ये ठेवण्यात आले.

जासईच्या त्या गृहस्थांच्या पित्ताशयात दोन खडे निघाले. ते दाखवल्यावर त्यांनी त्यांची खोली विचारली.