तिसवाडीचा नकाशा आणि दों जुआंव द काश्त्रु

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांनी वेढलेल्या तिसवाडी बेटाच्या जुन्या हस्तरेखित चित्रांत पोर्तुगालमधील कोईंब्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झालेल्या रंगीत नकाशाला मानाचे स्थान आहे. त्याच्या उगमाचा मागोवा घेऊ लागले, की वाट दों जुआंव द काश्त्रु या पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन थांबते. गोव्याच्या इतिहासात तो गव्हर्नर व सेनानी म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्यातील अभ्यासक त्या कीर्तीच्या छायेत झाकून गेला.

काश्त्रूचा जन्म 1500 साली लिस्बन येथे एका सरदार घराण्यात झाला. राजपुत्र दों लुईश याच्यासमवेत त्याने थोर गणिती पेद्रु नुनिश याच्यापाशी गणिताचे धडे घेतले. 1538 मध्ये तो हिंदुस्थानास निघाला, तेव्हा सूर्याच्या छायेवरून होकायंत्राचे विचलन मोजण्याचे नुनिशचे उपकरण त्याच्या हाती होते. वाटेत, मोझांबिकनजीक, जवळच्या तोफेमुळे चुंबकसूची ढळते हे त्याने हेरले. पुढे वसईच्या परिसरात खडकांच्या सान्निध्यातही तोच प्रकार त्याच्या दृष्टीस पडला. ग्रंथप्रामाण्यापेक्षा प्रत्यक्ष अनुभवास मान देणारी ही वृत्ती त्या काळी दुर्मीळच होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस व्हाइसरॉय दों गार्सिया द नोरोन्य याचे आरमार दीवच्या साहाय्यार्थ गोव्याहून निघाले. काश्त्रु त्यात होता. इतरांचे लक्ष युद्धाकडे असता हा गृहस्थ खाड्यांची मुखे, पाण्याची खोली, वाळूचे दांडे, भरती-ओहोटी आणि अक्षांश यांची टिपणे करीत होता. घारापुरी व कान्हेरी येथील लेण्यांचेही त्याने बारकाईने वर्णन केले. यातूनच गोवा ते दीव या किनाऱ्याचे मार्गवर्णन सिद्ध झाले. गोवा, दाभोळ, चौल, दीव आदी बंदरांची चित्रे त्याच मार्गवर्णनाचे अंग होत. तिसवाडीचा नकाशा त्यांपैकीच एक. नकाशातील प्रत्येक रेषा ओढणारा हात कोणाचा, हा प्रश्न गौण ठरतो. कारण गलबत सुखरूप नदीत आणण्यासाठी खलाशाला जे ठाऊक असावे लागते, ते जमविणारी दृष्टी निःसंशय काश्त्रूची आहे. 1541 मध्ये तांबड्या समुद्राच्या सफरीतही त्याने हाच परिपाठ ठेवला.

1545 मध्ये तो गव्हर्नर झाला आणि लेखणीची जागा तलवारीने घेतली. दीवच्या दुसऱ्या वेढ्यात त्याचा पुत्र फेर्नांव मारला गेला. नोव्हेंबर 1546 मध्ये काश्त्रूने वेढा मोडला. उद्ध्वस्त किल्ला पुन्हा उभारण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून गोव्याच्या नगरपालिकेकडे पाठविले आणि कर्ज मागितले. ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच हाताने 1547 मध्ये दाभोळ उद्ध्वस्त केले, याचे विस्मरण होऊ नये. ज्या खाडीचे त्याने एके काळी जिज्ञासेने मोजमाप केले, तिच्याच काठी त्याच्या आरमाराने आग लावली. ज्ञान आणि सत्ता एकाच माणसाच्या ठायी नांदू लागली, की असा दारुण विरोध उद्भवतो. त्याच्या नकाशांकडे पाहताना कोकणच्या माणसाला तो टाळता येत नाही.

व्हाइसरॉयपदाचा मान हाती येऊन थोडेच दिवस झाले असता, 6 जून 1548 रोजी काश्त्रूचे गोव्यात निधन झाले. अंतकाळी संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होते. एवढ्या मोठ्या अधिकारपदावरील हा पुरुष निष्कांचन अवस्थेत गेला.

त्याचे मार्गवर्णन सुमारे तीनशे वर्षे हस्तलिखित रूपातच राहिले. 1843 मध्ये दियोगु कॉप्के याने ते पोर्तु येथे छापून प्रसिद्ध केले. ज्या साम्राज्यासाठी ते लिहिले गेले, त्याचा गोव्यातील अंमल 1961 मध्ये संपला. तिसवाडीचा तो नकाशा मात्र एका ग्रंथालयाच्या कपाटात टिकून राहिला, आणि सोळाव्या शतकातील या बेटाचे रूप आजही अभ्यासकाला दाखवीत आहे.