अडकित्ते आणि वज्र्या जपणारा कवी

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे मंडळाने सुचविले. सेनापती आणि पुढारी यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. म्हणून मी दिनकर गंगाधर केळकर यांची निवड केली. त्यांनी जे जपले, ते आम्हा बायकांच्या माजघरातले आणि स्वयंपाकघरातले होते.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला, तो पुढे सुमारे साठ वर्षे सुटला नाही. गावोगाव हिंडावे, पडक्या वाड्यांतली कोरीव दारे मिळवावी, कुणाच्या अडगळीतला दिवा उचलून आणावा, असा त्यांचा क्रम असे. अडकित्ते, पानाचे डबे, दौती, वाद्ये, पाय घासण्याच्या वज्र्या, पितळेची भांडी यांनी घर भरून गेले. अशा छंदाचा भार घरातल्या बाईवर किती पडतो, ते आपण जाणतोच. पण कमलाबाईंनी तो भार न मानता पतीला साथ दिली.

या दांपत्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी केळकरांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. कोथरूडचा मस्तानी महालही त्यांनी तेथे पुन्हा उभा केला. १९७५ साली हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते निवर्तले. पुण्याच्या या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्या घडविणाऱ्या कारागिरांची नावे बहुधा कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे हात मात्र तेथे दिसतात.

असाच ध्यास दूर अमेरिकेतही दिसतो. शिकागो शहरात मार्गारेट बरोज या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने १९६१ साली पतीसह राहत्या घरातच आपल्या समाजाच्या कलेचे आणि इतिहासाचे संग्रहालय उघडले. आपला वारसा दुसऱ्यांनी जपावा, म्हणून ती वाट पाहत बसली नाही.

आपल्या रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे, लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. राजाची आणि पुढाऱ्याची आठवण जागी आहे. आजीचा सोऱ्या, करंजीचे कातणे, मोदकपात्र, रोवळी, खोबरे खवण्याची विळी यांची आठवण कोण ठेवणार? घर नवे बांधताना तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावेही जातात. नातीला रोवळी म्हणजे काय, हे सांगावे लागते.

भगिनींनो, केळकरांइतके आपल्या हातून होणार नाही. पण मंडळाच्या खोलीत एक कपाट तरी ठेवता येईल. मोडीत घालण्यापूर्वी एखादी वस्तू तेथे आणावी. सोबत एका चिठ्ठीवर तिचे नाव, गाव, ती कोणी वापरली आणि कशासाठी, एवढे लिहावे. चिठ्ठी मात्र विसरू नये. नाहीतर पन्नास वर्षांनी ते नुसते पितळ उरेल.