खाँसाहेबांचा स्वर

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावी झाला. गाणेबजावणे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. गायनाबरोबरच सारंगी व बीन या वाद्यांवरही त्यांनी हात बसविला. ऐन तारुण्यात ते बडोद्याच्या दरबारी गायक झाले. पुढे महाराष्ट्र हीच त्यांची कर्मभूमी झाली व अखेर ते मिरजेस स्थायिक झाले.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. सवाई गंधर्व हे त्यांचे नामांकित शिष्य. खाँसाहेबांच्या स्वभावात स्वराविषयी विलक्षण काटेकोरपणा होता. श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना त्यांनी आपल्या गळ्यातून सूक्ष्म स्वरांतरे दाखवून मोठे साहाय्य केले. तंबोऱ्याची जवारी लावण्यात ते निष्णात होते. वाद्य बिघडले, तर ते टाकून देण्याऐवजी स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यात त्यांना आनंद वाटे.

गायकाचा स्वर मैफिलीबरोबरच विरून जातो. परंतु खाँसाहेबांच्या काळी ध्वनिमुद्रिका निघाल्या. तासन्‌तास चालणारा राग तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांत बसवावा लागे. हे बंधन स्वीकारून त्यांनी ख्याल, ठुमरी व मराठी नाट्यपदे मुद्रित केली. पुढे गदगच्या एका मुलाच्या कानी त्यांची झिंझोटीतील ठुमरी पडली. त्या स्वरांनी वेडावलेला तो मुलगा घर सोडून गुरूच्या शोधात निघाला व शेवटी सवाई गंधर्वांचा शिष्य झाला. तेच भारतरत्न भीमसेन जोशी होत.

हा चमत्कार घडतो तो एका इवल्याशा सुईमुळे. तबकडीवरील नागमोडी खाचेतून सुई धावू लागली, की ती थरथरते. जुन्या हातचक्रीच्या ग्रामोफोनमध्ये ती थरथर पातळ पडद्याला हलवून आवाज उत्पन्न करी. पुढे विजेच्या यंत्रात सुईला धरणारी लहानशी डबी आली. तिला कार्ट्रिज म्हणतात. काही कार्ट्रिजांत लोहचुंबक व तारेचे वेटोळे यांच्या योगाने त्या थरथरीचा विद्युत्‌प्रवाह होतो. अशी डबी वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तिच्यातील रबर कडक होते, जोडखुंट्यांवर गंज चढतो व सुईच्या टोकाशी धूळ साचते. मग थोर गायकाचाही आवाज घोगरा व फाटका भासतो. अशा वेळी गायकास बोल न लावता जाणत्या माणसाने खुंट्या साफ कराव्या, मऊ कुंचल्याने सुईवरील धूळ मागून पुढच्या दिशेने झाडावी, रबर निकामी झाले असल्यास बदलावे व झिजलेली सुई काढून नवी बसवावी. कारण झिजलेली सुई खाचच खरवडून टाकते. शिवाय जुन्या तबकडीची खाच रुंद असते; तिला रुंद टोकाचीच सुई लागते. इतकी निगा राखली, की कित्येकदा मुकी झालेली डबी पुन्हा बोलू लागते.

१९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीस जात असता खाँसाहेबांच्या छातीत कळ आली. ते सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर उतरले. तेथे तंबोरा जुळवून त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली आणि शांतपणे देह ठेवला, असे सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. दरवर्षी उरुसात मोठमोठे गायक तेथे येऊन सेवा करतात. आपल्या करकंबच्या मुलांनाही पंढरपूरहून आगगाडीने मिरजेस जाऊन तिचे दर्शन घेता येते.

देह गेला, तरी स्वर राहिला. तो तबकडीत राहिला खरा. पण तो ऐकू येतो, तो जुन्या वस्तूची निगा राखणाऱ्या हातांमुळे. बिघडलेला तंबोरा टाकून न देता दुरुस्त करणाऱ्या त्या गायकाचे खरे स्मरण याहून निराळे कोणते असणार?