लक्ष्मणराव किर्लोस्कर : औंधच्या मंडपापासून कुंडलच्या माळापर्यंत

निकाल लागला की आमची जुनी मुलं भेटायला येतात. कुणाला गॅरेज टाकायचं असतं, कुणाला वेल्डिंगचं दुकान. बोलणं फिरून फिरून भांडवलावर येतं. पैसा कुठून आणायचा हे सगळेच विचारतात, धंद्यात आपल्याला सांगणारं माणूस कोण हे क्वचितच कुणी विचारतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जन्मलेल्या पोराला उस्ताद घरातच मिळतो. पण ज्याच्या घरात धंदाच नाही, त्याने काय करायचं? अशा वेळी आम्ही किर्लोस्करवाडीकडे बोट दाखवतो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. घरात कारखानदारीचा गंध नव्हता. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथे कळलं की डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. मग यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले, त्यात रंगांचं काम नव्हतं. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. म्हणजे आमच्याच बिरादरीचे, मास्तर!

पहिला आधार थोरल्या भावाचा, रामूअण्णांचा. 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगराला हात लावेनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! आमच्या मुलांचा धीर दोन महिन्यांत सुटतो.

नांगर कुठे चालू लागला, तेवढ्यात नगरपालिकेला शहर वाढवायला कारखान्याची जागा हवी झाली. माल आहे, कारागीर आहेत आणि उभं राहायला जागा नाही, अशी गत झाली.

त्याच सुमारास औंधच्या देवळात सभामंडप बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तेव्हा ते संस्थान होतं, आणि त्याचे तुकडे दूरवर विखुरलेले होते. आटपाडी आणि कुंडल, जे आज सांगली जिल्ह्यात आहेत, तेही औंधचेच. 1909 साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार. वयानेही लक्ष्मणरावांच्या बरोबरीचे, जेमतेम वर्षभराने मोठे. त्यांना अडचण कळली तेव्हा त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढायला बोलावलं. 10,000 रुपये कर्जाऊ दिले.

मुलं इथे मध्येच बोलतात की सर, राजा ओळखीचा असला की काय कठीण आहे! पण ओळख पक्की झाली ती कामावरून. बेळगावात वर्षानुवर्षं टिकून राहिलेला माणूस औंधात मंडप उभा करतोय, हे राजांच्या डोळ्यासमोर होतं. लक्ष्मणराव हात पसरून दारात गेले नव्हते, ते कामाला आले होते. आणि राजांनी नुसती पाठ थोपटली नाही, जमीन आणि पैसा दोन्ही दिले. नाहीतर सल्ला फुकटचा मिळतो, आम्हीसुद्धा देतोच की.

लक्ष्मणरावांनी जागा पसंत केली ती कुंडल रोड स्टेशनजवळची. 32 एकर माळ, निवडुंग आणि नाग. रेल्वे जवळ होती, हेच काय ते सुख. मार्च 1910 मध्ये पंचवीसेक कुटुंबांना घेऊन ते तिथे उतरले. निवडुंग काढला, शेड घातल्या, घरं बांधली. नांगर बनू लागले, नंतर पंप. वाडीत त्यांनी शिवाशिव पाळू दिली नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं, म्हणजे ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हातात कारखाना सोपवला. पुढे 1939 मध्ये बाळासाहेबांच्या संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्याच सुमारास राजांनी आपला कारभार रयतेच्या हाती दिला, त्यात गांधीजींचं मार्गदर्शन होतं. राजालासुद्धा उस्ताद लागला, हे मुलांना फार आवडतं.

बाळासाहेब 1951 मध्ये गेले, लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि कारखाना चालू आहे.

औंधला सहल नेली की मुलं बाळासाहेबांच्या संग्रहालयात चित्रं बघून दमतात, त्यांचं लक्ष डब्यांकडे असतं. तरी आम्ही त्यांना मंडपाची गोष्ट सांगतोच. गेल्या खेपेला एकाने विचारलं, हा मंडप वाकडा झाला असता तर? बसमध्ये परतताना मुलं त्यावरच भांडत होती.